पेल एल, व्हाया कॅलिफोर्निया

वाशीम, कारंजा, रिसोड किंवा मंगरूळपीर, कुठल्याही गावच्या बिअर शॉपीत गिऱ्हाइकाचे प्रश्न ठरलेले असतात. चिल्ड आहे का? बाटली की टिन? स्ट्राँग की माइल्ड? शेवटच्या प्रश्नाचं उत्तर तर दुकानदाराने मनाशी धरलेलंच असतं. हॉप्स कुठले वापरलेत, बार्ली कुठली, यीस्ट कोणत्या जातीचं, असं कुणी विचारलंच तर हा गृहस्थ घरूनच घेऊन आलाय, अशी शंका गल्ल्यावरच्या माणसाला यावी.

१९७०च्या आसपास अमेरिकेतल्या गिऱ्हाइकाची गत काही वेगळी नव्हती. फिकी, बर्फासारखी थंड लागर. लेबलं अनेक, चव एक. पुढच्या तीस-चाळीस वर्षांत तिथल्या काही हौशी माणसांनी ब्रिटनकडून बिअर शिकून घेतली, आपल्या स्वभावानुसार ती भडक केली आणि एवढ्या जोमाने परत धाडली की गुरूच्या घरीच शिष्याची पद्धत चालू झाली. ती लाट २००९ साली पुण्याला पोचली. या विषयाची ओळख करून देताना चवीबरोबरच, किंबहुना चवीपेक्षा जास्त, कर आणि परवाने यांबद्दल बोलावं लागतं. नवी चव माणसं आणतात हे खरं. ती रुजते की नाही, हे मात्र बहुतेक ठिकाणी अबकारी खात्याने ठरवलेलं दिसतं. लंडनमध्ये हे जितकं खरं आहे तितकंच पुण्यात, आणि वाशीममध्ये तर जरा जास्तच.

मराठीत दारूचा विषय निघाला की दोनच वाटा मळलेल्या आहेत. एका वाटेवर गडकऱ्यांचा तळीराम उभा असतो, दुसरीवर दारूबंदीचा ठराव घेऊन आलेल्या बाया. दोन्ही वाटा खऱ्या आहेत. गावातल्या निम्म्याहून अधिक महिला मतदारांनी आडव्या बाटलीला मत दिलं की दुकान बंद, ही तरतूद महाराष्ट्रात आहे आणि तिचा वापर झालेला आहे. विदर्भात वर्धा आणि गडचिरोली हे दोन जिल्हे कोरडे आहेत. चंद्रपुरात २०१५ साली आलेली बंदी २०२१ मध्ये उठली. त्याच २०१५ साली मुंबईत मालवणीला विषारी दारूने शंभराहून अधिक माणसं मेली. हे सगळं समोर असताना बिअरच्या सुगंधावर पानं खर्च करणं चैनीचं वाटेल. पण बिअर ही शेती आहे, रसायनशास्त्र आहे, व्यापार आहे आणि राज्याच्या तिजोरीचा एक मोठा नळही आहे. त्या बाजूने मराठीत फारसं लिहिलं गेलेलं नाही, एवढं कारण पुरेसं आहे.

या कहाणीच्या मध्यभागी जी बिअर आहे तिच्या नावातच इंडिया आहे: इंडिया पेल एल, म्हणजेच आयपीए. लंडनच्या पूर्वेला बो नावाच्या भागात जॉर्ज हॉजसन यांची ब्रुअरी होती. ईस्ट इंडिया कंपनीची जहाजं जिथून सुटत ती गोदी तिथून जवळ. जहाजावरच्या कप्तानांना आणि अधिकाऱ्यांना स्वतःच्या हिमतीवर थोडाफार खासगी व्यापार करण्याची मुभा असे, आणि हॉजसन त्यांना लांबच्या मुदतीच्या उधारीवर माल देत. आफ्रिकेला वळसा घालून, उष्ण पट्टा दोनदा ओलांडून, पिंपांत हेलकावे खात ही बिअर काही महिन्यांनी मुंबई, मद्रास, कलकत्त्याला उतरे तेव्हा चांगली मुरलेली असे. १८२२ साली कंपनीचे एक संचालक कॅम्पबेल मार्जोरीबँक्स यांनी बर्टन गावच्या सॅम्युअल ऑलसॉप यांना हॉजसनची बिअर चाखायला दिली आणि अशीच बनवून हिंदुस्थानात का पाठवत नाही, असं विचारलं. ऑलसॉप यांची रशियातली गिऱ्हाइकी तेव्हा जकातीपायी बुडाली होती. त्यांना नवी बाजारपेठ हवीच होती. बर्टनच्या विहिरींच्या पाण्यात जिप्सम भरपूर. त्या पाण्यात हॉप्सचा कडूपणा चोख उतरतो. ऑलसॉपमागून बास ही कंपनी आली आणि हॉजसन मागे पडले.

गोऱ्या सैनिकांसाठी न नासणारी बिअर हॉजसन यांनी मुद्दाम शोधून काढली, ही गोष्ट अजून कित्येक बाटल्यांच्या लेबलांवर छापलेली सापडते. मार्टिन कॉर्नेल या ब्रिटिश अभ्यासकाने जुनी कागदपत्रं धुंडाळून ती खोडून काढली. फिकट, हॉप्सने कडू केलेली एल इंग्लंडात आधीपासून होती. काळी पोर्टरही त्याच जहाजांतून सुखरूप येत होती, आणि साध्या शिपायाची पसंती पोर्टरलाच होती. पेल एल ही साहेबाची.

साहेबाच्या टेबलावर बर्टनची बाटली होती तेव्हा इथल्या माणसाच्या पेल्यावर कायद्याची नजर पडत होती. मुंबई इलाख्यात १८७८ साली अबकारी कायदा आला. गावोगावच्या भट्ट्या मोडून दारू मोठ्या भट्टीत आणि ठेकेदाराच्या हातात नेण्याचं ते धोरण होतं. १८९२च्या कायद्याने तर ठाणे आणि कुलाबा भागात मोहाची फुलं बाळगण्यावरच बंधनं आणली. फुलांवर! आयात पेयाला प्रतिष्ठा आणि स्थानिक आंबवणुकीला पोलीस, ही विभागणी तेव्हाची आहे आणि स्वातंत्र्यानंतर आपण ती फारशी बदललेली नाही.

ब्रिटनमध्ये या बिअरचं पुढे काय झालं? ती पातळ होत गेली. पहिल्या महायुद्धात धान्यटंचाई आणि वाढत्या करांमुळे सगळ्याच बिअरचा जोर सरकारने कमी करवला, आणि युद्ध संपल्यावर तो पुरता परतला नाही. ग्रीन किंग या जुन्या कंपनीची आयपीए अलीकडेपर्यंत ३.६ टक्के मद्यार्काची होती. नाव इंडिया पेल एल, जात साध्या बिटरची. समुद्रापार जाणाऱ्या त्या पेयाची आठवण पुस्तकांत राहिली.

ती पुस्तकं अमेरिकेत वाचली गेली.

अमेरिकेत १९२० ते १९३३ दारूबंदी होती. ती उठली तेव्हा घरी वाइन करायला परवानगी मिळाली, पण घरी बिअर करण्याची परवानगी कायद्यातून राहून गेली. ही राहून गेलेली गोष्ट दुरुस्त व्हायला पंचेचाळीस वर्षं लागली. १४ ऑक्टोबर १९७८ रोजी राष्ट्राध्यक्ष जिमी कार्टर यांनी सही केली आणि घरातली आंबवणूक गुन्ह्याच्या यादीतून निघाली. तोवर देशभरातल्या ब्रुअऱ्यांची संख्या शंभराच्या खाली आली होती. त्यानंतर ज्यांनी ब्रुअऱ्या काढल्या त्यांतले कितीतरी लोक स्वयंपाकघरात आणि गॅरेजमध्ये शिकलेले होते.

अर्थात काहींनी कायद्याची वाट पाहिली नाही. फ्रिट्झ मेटॅग यांनी १९६५ साली सॅन फ्रान्सिस्कोची बुडत चाललेली अँकर ब्रुअरी घेतली आणि इंग्लंडमधल्या ब्रुअऱ्या पाहून आल्यावर १९७५ मध्ये लिबर्टी एल बनवली. जॅक मॅकऑलिफ अमेरिकन नौदलात असताना स्कॉटलंडच्या तळावर होते. तिथल्या बिअरची गोडी लागली ती सुटेना. १९७६ साली कॅलिफोर्नियातल्या सोनोमा इथे त्यांनी न्यू अल्बियन ही चिमुकली ब्रुअरी जुन्या पिंपांवर आणि भंगारातल्या भांड्यांवर उभी केली. ती १९८२ मध्ये बंद पडली, पण तिला भेट देऊन गेलेल्यांनी धडा घेतला. चिको गावच्या केन ग्रॉसमन यांनी दूधडेअरीची जुनी टाकी वापरून १९८० साली सिएरा नेवाडा सुरू केली. त्यांची पेल एल पुढे जगभरच्या ब्रुअरांसाठी मापदंड ठरली. या सगळ्यांचं वाचन मात्र ब्रिटिश होतं. मायकल जॅक्सन या इंग्रज पत्रकाराचं (गायकाशी संबंध नाही) जगातल्या बिअरची ओळख करून देणारं पुस्तक १९७७ साली आलं, आणि बेल्जियमपासून बर्टनपर्यंतचे विसरलेले प्रकार त्यातून अमेरिकनांच्या हाती लागले. घरगुती ब्रुअरांचे अमेरिकन पुढारी चार्ली पापाझियन ब्रिटनमधला बिअर महोत्सव पाहून गेले आणि १९८२ साली कोलोरॅडोतल्या बोल्डर इथे त्यांनी तसाच महोत्सव भरवला.

मग अमेरिकनांनी स्वतःचं काय घातलं? मुख्यतः हॉप्स. हे वेलीवरचं फूल बिअरला कडूपणा देतं, टिकाऊपणा देतं आणि वास देतं. उकळीच्या सुरुवातीला घातलं तर कडूपणा उतरतो आणि वास उडून जातो. शेवटी घातलं तर वास राहतो, वरणावर वरून दिलेल्या फोडणीसारखा. ब्रिटिश हॉप्सचा वास मातीकडे, वाळल्या पानांकडे झुकणारा. ऑरेगन राज्यातल्या सरकारी संशोधनातून १९७२ साली आलेल्या कॅस्केड या वाणाचा वास मात्र थेट पपनसाचा. बड्या कंपन्यांना तो नकोसा झाला. छोट्यांनी तो उचलला आणि भरपूर, शेवटी, कधी तर आंबवणूक झाल्यावरही घातला. कॅस्केडची वंशावळ तपासली तर तिच्यात फगल हे जुनं इंग्लिश वाणच निघतं. आयपीएचं नाव घेऊन सहा-सात टक्क्यांची, पपनस-संत्र्याच्या वासाची, जीभ कोरडी करणारी बिअर तयार झाली. हॉजसन यांनी ती ओळखली असती का, याची शंकाच आहे.

इकडे ब्रिटन वेगळ्याच लढाईत गुंतलं होतं. १९६०च्या दशकात मोठ्या कंपन्यांनी पबमधली जिवंत, पिंपात मुरणारी कास्क बिअर काढून टाकून गाळलेली, वायू भरलेली केग बिअर आणायला सुरुवात केली. वॉटनी कंपनीची रेड बॅरल हे तिचं सर्वांत बदनाम रूप. १९७१ साली चार तरुणांनी आयर्लंडच्या सहलीत एक संघटना काढली. तीच पुढे कॅम्रा म्हणून नावाजली. ग्राहकांनी चालवलेल्या चळवळींत इतकी यशस्वी चळवळ क्वचितच सापडेल. तिने कास्क एल वाचवली. मात्र वाचवताना तिची व्याख्याही घट्ट बांधून टाकली: कास्कमध्ये असेल तीच खरी, केगमधली खोटी. नव्वदच्या दशकापर्यंत या खऱ्या बिअरचा चेहरा तपकिरी, चार टक्क्यांच्या आसपासचा आणि जरासा सुस्त झाला होता.

अमेरिकेतून पहिली चाहूल आणली ती उत्तर इंग्लंडमधल्या दोघा-तिघांनी. मँचेस्टरमध्ये ब्रेंडन डॉबिन यांनी आपल्या ब्रुअरीचं नावच वेस्ट कोस्ट ठेवलं. यॉर्कशरमध्ये वाइनच्या धंद्यातून आलेले शॉन फ्रँकलिन यांनी १९९३ साली रूस्टर्स सुरू केली आणि कॅस्केड घालून केलेल्या आपल्या बिअरला यँकी म्हटलं. तरी ही वळणवाट राजमार्ग झाली २००५ नंतर. त्या वर्षी डर्बीशरमधल्या थॉर्नब्रिज हॉल या वाड्याच्या आवारात ५.९ टक्क्यांची, अमेरिकन हॉप्सने ठासून भरलेली आयपीए निघाली. तिचं नाव जयपूर. ती बनवणाऱ्यांपैकी मार्टिन डिकी यांनी जेम्स वॉट यांच्याबरोबर २००७ मध्ये स्कॉटलंडच्या फ्रेझरबर्ग या मच्छीमार गावी ब्रुडॉग काढली, आणि पंक आयपीए या नावाने आरडाओरडा करत ती सुपरमार्केटात नेली. इव्हिन ओरिअर्डन हे चीज विकणारे गृहस्थ चीजच्याच कामासाठी न्यूयॉर्कला गेले, तिथली बिअर प्यायले आणि २००९ मध्ये लंडनच्या रेल्वेपुलाखालच्या कमानीत त्यांनी द कर्नल सुरू केली. साध्या तपकिरी कागदाचं लेबल, आत अमेरिकन हॉप्स आणि जोडीला लंडनच्याच जुन्या पोर्टरच्या कृती. अमेरिकनांच्या निमित्ताने लंडन स्वतःचं जुनं दप्तर उघडू लागलं होतं. या सगळ्या प्रकरणात सर्वांत देखणं काम कोणतं, असं विचारलं तर बोट कर्नलकडेच जातं.

आता मूळ मुद्दा. डॉबिन आणि फ्रँकलिन नव्वदीतच हे करत होते, तर लाट यायला दहा-पंधरा वर्षं का लागली? चव तीच, हॉप्स तेच. मधे घडलं ते २००२ मध्ये. अर्थमंत्री गॉर्डन ब्राउन यांनी छोट्या ब्रुअऱ्यांसाठी करसवलत आणली: वर्षाला ५,००० हेक्टोलिटरपर्यंत उत्पादन असेल तर बिअरवरचा कर निम्मा. रेल्वेच्या कमानीत, शेतावरच्या गोठ्यात ब्रुअरी काढणं एकदम परवडू लागलं. देशातल्या ब्रुअऱ्यांची संख्या पुढच्या पंधरा वर्षांत कैकपट वाढून दोन हजारांच्या आसपास गेली. २०११ मध्ये पबला पाइंटच्या दोन-तृतीयांश मापाचा पेला वापरायची कायद्याने मुभा मिळाली आणि सात टक्क्यांची बिअर बेताने पिण्याची सोय झाली. पाठ्यपुस्तकं अमेरिकेची होती. शाळेची फी सरकारने माफ केली होती, असं म्हणता येईल.

भांडणंही झाली. नव्या मंडळींना केग आणि टिन आवडत, कारण त्यात हॉप्सचा वास ताजा राहतो. कॅम्राच्या जुन्या सभासदांना केग म्हणजे शत्रूचं हत्यार. २०१८ मध्ये सर्व प्रकारच्या चांगल्या बिअरला संघटनेच्या छत्राखाली घेण्याचा ठराव आला. ७५ टक्के मतं हवी होती, ७२ च्या वर पडली, पण ठराव फसला. मधल्या काळात पैसा आपलं काम करत होता. लंडनची कॅम्डन टाउन २०१५ मध्ये जगातल्या सर्वांत मोठ्या बिअर कंपनीने विकत घेतली. रॉबर्ट प्लांट या गायकाच्या मुलाने काढलेली बीव्हरटाउन हाइनेकेनकडे गेली. अमेरिकेच्या स्टोन कंपनीने बर्लिनमध्ये मोठा पसारा मांडला आणि २०१९ मध्ये तो ब्रुडॉगला विकून गाशा गुंडाळला. २०२३ मध्ये तर मेटॅग यांनी वाचवलेली अँकर बंद पडली. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये ब्रिटनने कराची रचना बदलून तो मद्यार्काच्या प्रमाणात लावला, ३.५ टक्क्यांखाली दर बराच कमी. काही महिन्यांत ओळखीच्या बिअर ३.४ टक्क्यांवर उतरल्या. ग्रीन किंगची आयपीएही त्यांत होती. ब्रुअरने चव बदलली नाही, कराच्या तक्त्याने बदलली.

महाराष्ट्रात या गोष्टीचं पहिलं पान पुण्यात लिहिलं गेलं. २००९ साली सुकेतू तळेकर आणि प्रतीक चतुर्वेदी यांनी कोरिंथियन्स क्लबमध्ये डूलॅली सुरू केली. हे नाव नाशिकजवळच्या देवळालीचं: मायदेशी परतायच्या जहाजाची वाट पाहत तिथल्या छावणीत कंटाळून गेलेले गोरे शिपाई वेडावतात, अशी समजूत होती, आणि तो शब्द इंग्रजीत राहिला. राज्यातली ही पहिली मायक्रोब्रुअरी. ब्रुमास्टर ऑलिव्हर शाउफ जर्मन होते, आणि पुणेकरांना आवडली ती गव्हाची, केळ्या-लवंगेच्या वासाची हेफेवाइझन. कल्पना अमेरिकेतून आलेली, तर पेला जर्मनीचा. कडू आयपीएकडे वळायला इथल्या पिणाऱ्याला वेळ लागला, आणि अजूनही गव्हाची बिअरच जास्त खपते, असं ब्रुअर मंडळी सांगतात.

थेट अमेरिकन धागेही आहेत. मुंबईत लोअर परळला २०१३ च्या सुमारास द बार्किंग डीअर हे ब्रुपब उभं करणारे ग्रेग क्रॉइट्श अमेरिकन. परवान्यासाठी त्यांना भरपूर थांबावं लागलं. पुण्याच्या मुंढव्यात इंडिपेंडन्स ब्रुइंग कंपनी निघाली तेव्हा स्टोनचे सहसंस्थापक ग्रेग कुक तिच्या पाठीशी होते. मिशिगनमधल्या अ‍ॅन आर्बर गावात शिकताना गौरव सिक्का तिथल्या आर्बर ब्रुइंगचे नेहमीचे गिऱ्हाईक होते. २०१२ मध्ये त्यांनी तेच नाव बंगळुरूला आणलं आणि पुढे गोव्यात कारखाना काढून बीच शॅक नावाची आयपीए टिनमध्ये भरली. पुण्याच्या ग्रेट स्टेट एलवर्क्सने कोकमाची आंबट बिअर केली. तिथपर्यंत पोचल्यावर अमेरिकन म्हणण्यासारखं फक्त धाडस उरतं. बाकी सगळं कोकणाचं. २०२१ मध्ये ब्रुडॉगनेही मुंबईत बार उघडला. हॉजसन यांची पिंपं ज्या बंदरात उतरत, त्याच शहरात स्कॉटलंडची कंपनी अमेरिकन वळणाची इंडिया पेल एल विकू लागली. दोनशे वर्षांचा हा फेरा आहे, आणि त्यात इंडियाने आजवर फक्त नाव पुरवलं आहे.

नाव आणि गिऱ्हाईक. कच्चा माल पाहिला तर हॉप्स जवळजवळ सगळे परदेशी. आपल्याकडे हिमाचलच्या लाहौल खोऱ्यात थोडे पिकतात. बार्ली राजस्थान-हरियाणाची. महाराष्ट्राचं म्हणावं असं बिअरमध्ये असतं ते पाणी, आणि त्यावरूनही जुंपलेली आहे. वाळूजच्या औद्योगिक वसाहतीमुळे छत्रपती संभाजीनगर ही राज्याची बिअरची राजधानी झाली. २०१६ च्या दुष्काळात मराठवाड्याला टँकर पुरत नव्हते, तेव्हा मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने बिअर आणि मद्य कारखान्यांचं पाणी टप्प्याटप्प्याने ६० टक्क्यांपर्यंत तोडायला लावलं.

अमेरिकेच्या शिडीची पहिली पायरी होती घर. महाराष्ट्रात ती पायरीच नाही. १९४९ च्या दारूबंदी कायद्याखाली विनापरवाना मद्य बनवणं गुन्हा आहे, मग ते मोहाचं असो की हौसेने केलेली दोन बादल्या बिअर असो. ज्या समाजांकडे आंबवण्याचं पिढ्यांचं ज्ञान आहे त्यांच्यासाठी या कायद्याचा अर्थ धाड, फोडलेली मडकी आणि कोर्टाची तारीख एवढाच राहिला. हातभट्टीने घरं उद्ध्वस्त केली हे नाकारता येत नाही. पण ज्ञान आणि जहर यांत फरक करण्याची तसदी कायद्याने घेतली नाही, हेही नोंदवायला हवं. त्यामुळे इथे मायक्रोब्रुअरी काढतो तो बँकेत, परदेशात किंवा आयटीत पैसा मिळवलेला माणूस. कॅलिफोर्नियात भंगारातली भांडी चालली. इथे परवान्याची फी भरूनच आत यावं लागतं. मायक्रोब्रुअऱ्या पुण्या-मुंबईच्या ठरावीक भागांत एकवटल्या त्यामागे केवळ रसिकता नाही.

तालुक्याच्या गावी गणित आणखी सरळ आहे. ६५० मिलीची बाटली, कायद्याने चालणारा आठ टक्क्यांपर्यंतचा जोर आणि माइल्डपेक्षा किमतीत फारसं अंतर नाही. मग गिऱ्हाईक स्ट्राँग घेणार नाही तर काय करणार? १ एप्रिल २०१७ पासून सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने महामार्गालगतचे बार बंद झाले, तेव्हा ज्या गावांची वस्ती आणि धंदा रस्त्याच्या कडेनेच पसरलेला त्यांना फटका मोठा बसला. बसून सावकाश पिण्याची जागा गेली की बाटली शेताच्या बांधावर जाते आणि तिथे जोरच मोजला जातो. जून २०२५ मध्ये राज्य सरकारने विदेशी मद्यावरचा कर मोठ्या प्रमाणात वाढवला, बिअर आणि वाइनला त्यातून वगळलं आणि महाराष्ट्र मेड लिकर नावाचा धान्यापासूनच्या दारूचा नवा प्रकार काढला. धान्य, पण दारूसाठी.

धान्याचा हा मुद्दा वाशीमला नवा नाही. २००७ मध्ये ज्वारी-बाजरी-मक्यापासून मद्यार्क काढणाऱ्या कारखान्यांना सरकारने अनुदान देऊ केलं. पावसाने काळी पडलेली ज्वारी खपेल, शेतकऱ्याला भाव मिळेल, हा युक्तिवाद होता. डॉ. अभय बंग आणि इतरांनी त्याविरुद्ध रान उठवलं. कारखाने कुणाकुणाचे आहेत याच्या याद्या वर्तमानपत्रांत आल्या. तोवर या पट्ट्यातल्या ज्वारीच्या जागी सोयाबीन पसरलंही होतं. त्या सगळ्या वादात ज्वारीची बिअर हा शब्द कुणी उच्चारला नाही, ना समर्थकांनी ना विरोधकांनी.

वास्तविक ती अशक्य नाही. आफ्रिकेत ज्वारीची आंबट, दाट, कमी जोराची बिअर गावोगाव करतात. नायजेरियाने १९८८ मध्ये बार्ली माल्टच्या आयातीवर बंदी घातली तेव्हा तिथल्या मोठ्या ब्रुअऱ्यांनी देशी ज्वारी आणि मक्यावर लागर काढून दाखवली. अडचणी आहेत: ज्वारीचा स्टार्च फुटायला उष्णता जास्त लागते, तिच्या माल्टमध्ये साखर करणारी विकरं कमी पडतात, आणि बार्लीसारखं टरफल नसल्याने गाळताना लगदा अडतो. यांवर उपाय ठाऊक आहेत, ते नायजेरियातल्या कारखान्यांनी रोजच्या कामात वापरले. अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठात ज्वारीच्या वाणांवर पिढ्यान्‌पिढ्या काम झालं आहे, ते मुख्यतः भाकरी आणि कडब्यासाठी. माल्टसाठी कोणतं वाण चांगलं, हे तपासायला एक छोटी प्रयोगशाळा आणि दोन हंगाम पुरतील. ती तपासणी करून मानोरा किंवा मालेगाव तालुक्यातल्या एखाद्या शेतकरी गटाने माल्ट केलं, तरी ते विकायला पुण्याची वाट धरावी लागेल. स्वतःच बिअर करायची म्हटली तर त्यांना भरावा लागणारा अर्ज हा मुंढव्यातल्या ब्रुअरीने भरला तोच असेल.